जखममावशींची बोटं

तिसऱ्या अंकात मी मरायचा होतो. माझ्याआधी माझं नाक गेलं. रंगमंचाच्या कडेला मी धाडकन कोसळलो आणि ते रबरी नाक पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या मांडीवर जाऊन पडलं. त्यांनी ते रुमालात धरून अदबीने परत केलं. प्रेक्षकांची हसून हसून पुरेवाट झाली. नाटक गंभीर होतं.

चूक माझीच. मध्यंतरात नाक असं काही खाजलं, की विंगेत मी नखाने त्याची डावी कड उचकटली, मनसोक्त खाजवलं आणि थुंकी लावून परत दाबून टाकलं. कुणी पाहिलं नाही.

नाक जखममावशींनी बसवलेलं. मावशींचं हे नाव आम्हा नटांनी ठेवलेलं. सव्वीस वर्षं त्या भाजलेले गाल, तुटके कान, वाहत्या जखमा करत आल्या. त्यांचा मुलगा खरोखरच गुडघा फोडून घरी आला, तेव्हा म्हणाल्या होत्या, "रंग फार पातळ झालाय रे."

पण त्यांची खरी करामत कडेत. रबर कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते, ते कळता कामा नये. त्या कड डोळे मिटून बोटाने चाचपत. "डोळा फसतो, बोट फसत नाही," हे प्रत्येक नव्या नटाला ऐकावंच लागे.

वर्षभर तीच बोटं बधिर होत चालली होती. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. नाक पडलं आणि दिग्दर्शकाला तोंड फुटलं. "मावशी, आता घरी आराम करा." मी शेजारीच उभा. भूमिका जाईल म्हणून मूग गिळून गप्प.

मावशी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. ब्रश धुतले, वाळत ठेवले आणि गेल्या.

तीन दिवस कसेबसे काढले, मग त्यांच्या घरी गेलो. आपल्या जागी येणाऱ्या नव्या बाईसाठी त्या बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत होत्या.

"मावशी, नाक मी उचकटलं होतं. खाजत होतं हो! आत्ता जाऊन सांगतो दिग्दर्शकांना."

"बस. चहा टाकू?"

"चहा कसला मावशी! तुमचं काम गेलं माझ्यामुळे."

त्यांनी चिठ्ठीच्या कडेवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग बाटली डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"तू खाजवलं नसतंस तरी पडलंच असतं, डावी कड त्या दिवशी माझ्या बोटाला कळलीच नव्हती."