कारण : म्हातारपण

डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, खिशातला घडी घातलेला कागद उलगडायचा आणि माझ्याकडे न बघता म्हणायचं, “लिवा बाई, म्हातारपन.” महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या उपकेंद्रात हा कार्यक्रम ठरलेला.

मी निघोज्याच्या पलीकडच्या एका गावात नर्स आहे. महिन्याभरात कोण गेलं आणि कशानं गेलं, हे वहीत लिहून तालुक्याला कळवणं माझं काम. नावं आणायचे ते ग्रामपंचायतीचे शिपाई. सारं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही. प्रत्येक मयताला मामा हजर, लाकडं रचण्यापासून राख सावडण्यापर्यंत. कोण कशानं गेलं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसायचं. सांगायचे मात्र एकच.

एकदा यादीत एक्केचाळीस वर्षांचा माणूस होता. कंपनीत शिफ्ट चालू असताना छातीत कळ येऊन मशीनपाशीच कोसळलेला. अख्ख्या गावाला माहीत. मामा म्हणाले, “म्हातारपन.”

“अहो मामा, एक्केचाळीसचा होता तो! तुम्ही पंचावन्नचे आहात!”

“त्याला कंपनीनं म्हातारा केला, बाई. लिवा.”

हसावं की वही फेकून मारावी, मला कळेना.

पुढच्या बैठकीत तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “सिस्टर, तुमच्या गावात म्हातारपणाची साथ आलीय का?” सगळे खो खो हसले. मी मान खाली घालून बसले. पूर्वी या भागात माणसं हगवणीनं, क्षयानं, साप चावून जायची. आता बीपी, शुगर नाहीतर छातीतली कळ. हे आमच्या वहीतून वर कळलं तरच गोळ्या आणि तपासण्या वाढणार. आणि माझी वही म्हणत होती, आमच्याकडे सगळे पिकून सुखानं गळताहेत.

परत आल्यावर मी मामांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, वहीत शुगर लिवली की ती घरान्याला चिकटती. मग त्या घरची पोरगी कोन करनार?”

“अहो, माझी वही वाचतं कोण?”

“आज न्हाई वाचत. उद्या वाचत्याल.”

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा माणूस, ज्याच्याशी वाद घालताना आपलंच बीपी चढतं.

बरं, बीपी-शुगरच्या तपासणीच्या दिवशी त्यांच्यासारखा दुसरा माणूस नाही. पारावर पत्ते कुटणाऱ्यांना दंडाला धरून आणायचे. स्वतःचं बोट मात्र कधी पुढे करायचे नाहीत. “आमी रोज गाव पालथा घालतो. आमाला काय व्हतंय?” एक दिवस त्यांच्या पायाला चिंधी बांधलेली दिसली. चप्पल लागून झालेली जखम महिनाभर भरत नव्हती. मी दार लावून घेतलं आणि दमदाटी करून बोटाला सुई टोचली. शुगर इतकी वर, की मी यंत्रातली पट्टी बदलून पुन्हा पाहिली.

मामांचा चेहरा उतरला. “बाई, लिवू नका. पोरीचं चऱ्होलीत जमत आलंय. लगीन हू द्या, मग काय लिवायचं ते लिवा.”

आणि मी नाही लिहिलं. खोट्या नोंदींवरून इतकी वर्षं भांडलेली मी, बीपी-शुगरच्या रुग्णांच्या वहीत त्यांची ओळ कोरी ठेवली. त्या वहीत नाव असेल त्याच्याच घरी आमची आशाताई दर महिन्याला गोळ्या घेऊन जाते आणि खाल्ल्या नाहीत तर रागावते. मामांच्या घरी कुणीच गेलं नाही. मी दिलेल्या गोळ्या त्यांनी निदान जखम भरेपर्यंत खाल्ल्या, असं मला वाटलं. विचारलं की म्हणायचे, “चालू हायत की.” मी चिडायची, ते टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकायचे.

लग्न झालं, झकास झालं. मामांनी माझ्यादेखत दोन जिलब्या खाल्ल्या आणि वर माझ्याकडे बघून हसले. त्यानंतर दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीचं कुलूप उघडता उघडता पायरीवर बसले, “जरा घाम आलाय” म्हणाले आणि तिथेच गेले.

त्या महिनाअखेरीला यादी आणायला कुणी नव्हतं. मी नुसतीच वही उघडून बसले होते. तेवढ्यात त्यांची मुलगी आली. आता हीही तेच सांगणार, असं मला वाटलं.

“काय लिहू गं?”

“बाबांच्या पेटीत तुमच्या गोळ्या सापडल्या. न फोडलेल्या. खरं ते लिहा, बाई. सासरी मी सांगितलंय.” तिनं स्टूल पुढे ओढलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. “आणि माझी पण बघा.”

मी दोन्ही लिहिलं, मामांचं कारण आणि तिची शुगर. राग त्यांचा आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. मामा, इतकी वर्षं तुम्ही यादी आणलीत. तुम्ही आला नाहीत, त्या पहिल्याच महिन्यात माझ्या वहीत खरं कारण पडलं.