गुग्गुळ आणि कमरेचं सूत

त्या पावसाळ्यात बाबांच्या श्वासाला देवघराचा वास येत असे. सुटलेलं पोट उतरावं म्हणून इतवारीतल्या वैद्यांनी त्यांना शुद्ध केलेला गुग्गुळ दिला होता. तुपाचा हात लावून वळलेल्या काळसर, मऊ गोळ्या. त्यावर त्रिफळ्याचा काढा. हिरड्याचा तुरटपणा आधी त्यांच्या जिभेवर बसे, मग साऱ्या घरावर.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही नागपूरचे विणकर. मागापाशी जमिनीत खड्डा असे. काठावर बसून त्यात पाय सोडायचे, पायांनी पट्ट्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा. बाबांचं पोट इतकं वाढलं होतं, की कापड गुंडाळायच्या लाकडाला ते टेकत असे. घामानं मागावरच्या लुगड्याची किनार डागाळू लागली. पुढे तर आई आणि मी, दोघींनी ओढल्याशिवाय त्यांना उठता येईना. माग थांबला. दसऱ्याला आमच्याकडे मागाची पूजा होते. तोवर बसता आलं नाही तर खड्डा बुजवायचा, माग विकायचा आणि गिरणीच्या दारात उभं राहायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं.

वैद्यांनी भात बंद केला. जवाची भाकर, कुळथाचं कढण, सकाळी कोमट पाण्यात मध. गोळी हातावर ठेवताना आई म्हणे, "देवापुढं जाळायचं ते तुम्ही खाऊन राहिले. आता देवानं काय हुंगावं?" बाबा हसत, आणि उरलेली भूक पाण्यानं निजवत.

आमच्या घरात सगळं सुतानंच मोजलं जाई. दर सोमवारी मी बाबांच्या बेंबीवरून नवं सूत फिरवी, गाठ मारी आणि ते वैद्यांना नेऊन दाखवी. पहिले तीन सोमवार गाठ जागची हलली नाही. बाबांची नजर तिच्यावर खिळलेली असे. त्या नजरेला तोंड देणं मला जमेना. चौथ्या सोमवारी मी सूत जरा ताणलं, आणि गाठ बोटभर अलीकडे आली. वैद्यांनी समाधानानं मान डोलावली आणि तेच औषध पुढे चालू ठेवलं. मग दर सोमवारी मी आणखी थोडं ताणत गेले.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना बाबा मागावर बसायला गेले. लाकूड पोटात रुतलं. त्यांना धड बसता येईना, उठताही येईना. आम्ही त्यांना वर ओढलं तेव्हा त्यांचा सदरा घामानं चिंब झाला होता आणि गुग्गुळाचा तो वास आता कडू लागत होता. धाप ओसरल्यावर त्यांनी सगळी सुतं मागून घेतली आणि एकेक बोटांतून ओढून पाहिलं.

"ताण देऊन मोजत होती वं तू."

मी सुतं आवरू लागले.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "तू सूत ओढत होती, अन् मी पोट."

आमच्या दोघांच्या लबाडीवर विश्वासून वैद्यांनी औषध बदललं नव्हतं. बदललं असतं तर काय झालं असतं, हे मला आजही ठाऊक नाही.

"आता सैल धरून मोज."

त्यांनी श्वास सोडला. मी सूत फिरवलं. ते पहिल्या सोमवारच्या सुताशी तंतोतंत जुळलं. इतक्या दिवसांची उपासमार त्यात कुठेच नव्हती.

दसऱ्याची वाट न पाहता, दुसऱ्याच सकाळी बाबांनी खड्ड्यात मातीची पहिली टोपली ओतली. दुसरी त्यांनी भरली आणि माझ्या हाती दिली.