जांगडावरचा हिरा

वापरून न पाहता पदरात घ्यावी लागते अशी जगात एकच गोष्ट, ती म्हणजे बायको, असं आमच्या मामेसासऱ्यांचं ठाम मत आहे आणि ते मामींच्या समोरच मांडतात. बाकी सगळं ते जांगडावर आणतात. म्हणजे आधी घरी नेऊन पाहायचं, पटलं तर घ्यायचं, नाही तर परत. अकोल्याच्या उन्हाळ्यात त्यांनी एक कूलर असा दोन महिने पाहिला आणि मृग लागताच 'हवा दमट देते' म्हणून परत केला. शेंदूरजनाघाटला संत्र्याचा नमुना पाहायला गेले, तर नमुन्यातच दुपारचं जेवण उरकलं आणि घरी येताना केळी घेतली.

मागच्या वर्षी त्यांनी हिरा घ्यायचं मनावर घेतलं. लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि मामींना आयुष्यभर ऐकवलेलं 'पाहू' आता त्यांनाच टोचत असावं. अमरावतीत माझ्या ओळखीच्या सराफाकडे एक जुन्या घडणीचा हिरा होता, अंगठीत बसवलेला, जाडसर, जरा मंद. सराफ म्हणाला, "काकाजी, नव्यानं पैलू पाडले तं पाहातच राहाल. पण वजन तिसरा हिस्सा घटंल." मामांची सारी नोकरी अकोटच्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेलेली. घट म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. ते म्हणाले, "घरचा कापूस जिनवर नेला तं रुईसंग सरकीबी वापस भेटते. मंग ह्या हिऱ्याची भुकटी तुमी कावून ठेवून घेता?" सराफानं माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. शेवटी माझ्या शब्दावर अंगठी आठ दिवसांसाठी अकोल्याला गेली.

त्या आठ दिवसांत मामांनी हिरा उन्हात पाहिला, ट्यूबलाइटखाली पाहिला, मोबाइलच्या टॉर्चनं पाहिला. घ्यावा का, घेतला तर पैलू पाडावे का, हे त्यांनी अकोटच्या जुन्या सोबत्यांना विचारलं आणि अमरावतीच्या एसटीतल्या कंडक्टरलाही विचारलं. शेजारचे शिंपीचाचा म्हणाले, "भाई, कपडा एक बार कट गया तो वापस नहीं जुडता." या सल्लामसलतीतून उरलेल्या वेळात अंगठी मामींच्या बोटात असे, कारण कपाटात ठेवली तर ती वापरून पाहिली कशी म्हणायची? मामी मात्र म्हणत, "मले कायले पायजे? पाहा तुमचं तुमी."

नवव्या दिवशी मामा अंगठी परत करायला आले. परत करायची तर काही खोड दाखवली पाहिजे, म्हणून त्यांनी सराफाचं भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहत राहिले आणि भिंग माझ्या हाती दिलं. हिऱ्याच्या बुडाशी, कोंदणात, ज्वारीचं पीठ वाळून बसलं होतं.

"आणा, साफ करून देतो," सराफ म्हणाला.

"राहू द्या," मामा म्हणाले. "भाकरी थापतानाबी काढली नाही तिनं." मग माझ्याकडे न पाहता, "साऱ्या दुनियेले ईचारलं म्या. तिलेच ईचारलं नाही."

त्यांनी अंगठी तिथल्या तिथे घेतली, पिठासकट. या माणसाची मी इतकी वर्षं टवाळी केली, त्या वेळी मात्र केली नाही. स्टँडवर त्यांना सोडायला गेलो तर नेमका तोच कंडक्टर. "काय काकाजी, पाडायचे का मंग पैलू?"

मामांनी खिशातली मूठ घट्ट केली. "पैले घरी ईचारतो," ते म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन बसले.