जयम्मांच्या अंगणातली आमची सावली

आमच्या परसात आम्ही मांडव घातलेला आहे आणि त्याची सावली शेजारच्या जयम्मांच्या अंगणात पडते.

यात मांडवाचा दोष नाही. सूर्याचाही नाही. आमच्या घरात मात्र सगळे धरून चालले होते की दोष अण्णांचा. अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे, सुमतीचे थोरले भाऊ. उभा जन्म त्यांनी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मोजण्यात घालवला. केसाएवढा फरक दिसला तरी तुकडा परत पाठवणारा माणूस! पण मांडवानंतर त्या माणसाला घरात कुणी भिंतीवर खिळा मारू देईना. "अण्णामामा, तुम्ही बसा, आम्ही मारतो." का? तर मांडवाच्या वेळी त्यांनी टेप चुकीचा धरला.

त्यांनी टेप अगदी बरोबर धरला होता. (मला माहीत आहे. दुसरं टोक माझ्या हातात होतं.)

त्याचं असं झालं. आम्ही बंगळूरचे, आमची सून मेघना पुण्याची. तिला सातवा लागला आणि सुमतीने जाहीर केलं, डोहाळजेवण घरीच, मागच्या अंगणात. मेघना म्हणाली, "बाबा, मागे फार ऊन येतं. एखादी मस्त शेड उभारू या ना! चार खांब आणि वर नेट. मी व्हिडिओ पाहिलाय, लोक एका वीकेंडला करतात."

"कशाला माणसं बोलवायची? मी करतो की!" मी म्हणालो.

"तुम्ही?" सुमती म्हणाली. "अहो, तुम्हाला छत्री उघडता येत नाही!"

हा माझ्या शिक्षणाचा अपमान होता. मी भूगोलाचा मास्तर. सूर्य, सावली आणि दिशा यांवर माझी रोजीरोटी चालली. मी अण्णांना घेऊन यशवंतपूरला गेलो, लोखंडी पाइप आणि हिरवी नेट घेतली. येताना पाइप ऑटोच्या दोन्ही बाजूंनी असे बाहेर आले होते की सगळा रस्ता आम्हाला वाट करून देत होता. तेवढा मान मला शाळेतही मिळाला नव्हता!

मग मी मागच्या पायरीवर बसून आराखडा काढला. वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम. वर्षानुवर्षं फळ्यावर असंच काढत आलो. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, म्हणजे सावली पूर्वेला सरकणार. तेव्हा मांडव हवा पश्चिमेच्या भिंतीला लागून, म्हणजे डावीकडे. संध्याकाळी सावली बरोबर अंगणाच्या मधोमध! शास्त्रशुद्ध!

निसटलं ते एवढंच, की आमच्या मागच्या पायरीवर बसलं की तोंड दक्षिणेला होतं. आणि दक्षिणेला तोंड केलं की डाव्या हाताला पूर्व येते. (हे न येणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं केलेलं आहे.)

अण्णांनी टेप धरला, डाव्या भिंतीकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"भावोजी, सूर्य मावळतो तो या बाजूला नाही ना? मला स्वल्प शंका वाटते."

"अण्णा, भूगोल तुम्ही शिकवलात की मी?"

"सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे कानडीत "बरं", आणि टेप घट्ट धरला.

खड्डा खणून पहिला खांब उभा केला, तोवर सुमती हळदकुंकवाचं तबक घेऊन हजर! मुहूर्तमेढ लग्नामुंजीत असते, डोहाळजेवणाला नाही, असं मी सांगून पाहिलं. "मांडव तो मांडव," ती म्हणाली. तिने त्या लोखंडी पाइपाला आंब्याचे डहाळे बांधले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बजावलं, "आता कार्य होईपर्यंत हिला कुणी हलवायचं नाही."

आम्ही रोज सकाळीच काम करत होतो. (दुपारी मी झोपतो.) आणि सकाळी सूर्य पूर्वेला असल्यामुळे सावली अगदी अंगणाच्या मध्यावर पडत होती! मी तिथे खुर्ची टाकून बसलो आणि सुमतीला हाक मारली, "बघ! छत्री उघडली!"

अण्णा मात्र एकदा चार वाजता येऊन गेले असावेत. दुसऱ्या दिवशी ते हळूच म्हणाले, "भावोजी, एक खांब स्वल्प पलीकडे घेतला तर?"

"मुहूर्तमेढ आहे, अण्णा!" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी धर्माच्या बाजूने बोललो.

कार्याच्या दिवशी सकाळी झेंडूने मढवलेला झोपाळा सावलीत मधोमध ठेवला. पाहुणे चारला आले. तोवर सावली डाव्या भिंतीशी जाऊन उभी होती!

मेघना हिरव्या शालूत, फुलांचे दागिने घालून, भर उन्हात झोपाळ्यावर बसली. कानातल्या फुलांनी दहा मिनिटांत माना टाकल्या. पुण्याच्या विहीणबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "नावेतलं ऐकलं होतं, बागेतलं ऐकलं होतं, चांदण्यातलंही ऐकलं होतं. उन्हातलं डोहाळजेवण पहिल्यांदाच पाहत्येय."

"आणि काका, बंगळूरला ऊन नसतं म्हणाला होतात ना?" मेघनाच्या बहिणीने मला विचारलं.

"झोपाळा सरकवा!" मी ओरडलो. माझ्या मुलाने, प्रसादने आणि आणखी तिघांनी झोपाळा उचलला. मेघना उतरायच्या आत! पालखी निघाल्यासारखी ती सावलीच्या मागे भिंतीकडे निघाली. "अरे, मला उतरू तर द्या!" मागून बायका खुर्च्या घेऊन, त्यांच्यामागे फोटोग्राफर. झोपाळा भिंतीला टेकला तेव्हा सावली भिंतीवर चढत होती. पाहता पाहता ती पलीकडे उतरली.

पलीकडून जयम्मांनी डोकं वर काढलं. त्यांच्या अंगणात गार, ऐसपैस, हिरवी सावली पसरली होती. आमचीच! हात हलवून त्या म्हणाल्या, "इल्ली बन्नी, इल्ली बन्नी! सगळे इकडे या!"

आणि सगळे गेले! सून गेली, विहीणबाई गेल्या, झोपाळा फाटकातून फिरून गेला. ओटी तिथे भरली, डोहाळे तिथे गायले, आणि जेवणाची ताटं भिंतीवरून मी एकेक करून पलीकडे देत होतो. आमच्या बाजूला उरलो मी, अण्णा, आणि हळदकुंकू ल्यालेला पाइप.

मग सुमती भिंतीपाशी आली. तिच्यामागे विहीणबाई. "कुणी ठरवली ही जागा?"

मी फक्त अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी विहीणबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि शांतपणे म्हणाले, "टेप माझ्या हातात होता. माझंच चुकलं असेल."

व्याह्यांसमोर माझी लाज राखली त्यांनी. संध्याकाळी खरं सांगू, असं मनाशी म्हणालो. संध्याकाळी सगळे दमले होते. मग बारसं आलं. मग नात शाळेत जायला लागली!

गेल्या महिन्यात प्रसाद म्हणाला, जुना मांडव गंजलाय, नवा घालू. अण्णा आले होते. त्यांनी खिशातून स्वतःचा टेप काढला. प्रसाद हसून म्हणाला, "अण्णामामा, तो टेप नको हं. तुम्ही फक्त कॉफी घ्या." अण्णांनी टेप खिशात ठेवला. ठेवताना तो दोनदा हुकला.

मला राहवलं नाही. मी उभा राहिलो. "चूक माझी होती! अण्णांनी मला सांगितलं होतं!"

मग सुमतीचे डोळे भरून आले. "बघितलंस प्रसाद, किती मोठं मन! माझ्या भावासाठी स्वतःवर घेताहेत."

"अगं, खरंच माझी चूक!"

"भूगोलाचा मास्तर दिशा चुकेल का, बाबा?" मेघना म्हणाली.

अण्णासुद्धा म्हणाले, "भावोजी, राहू द्या. टेप हातातून सुटल्याचं मला आता आठवतं."

इतकी वर्षं ऐकून त्या बिचाऱ्याला आठवायलाही लागलं होतं! आता पुरावाच द्यायला हवा होता. मी सगळ्यांना परसात नेलं, पायरीवर उभा राहिलो आणि वर्गातल्या आवाजात म्हणालो, "नीट बघा! चूक नेमकी कशी झाली ते सांगतो. मांडव पाहिजे होता पश्चिमेला, म्हणजे इकडे!"

आणि मी डावीकडे बोट दाखवलं.

सूर्य उजवीकडे मावळत होता. इतका लाल, इतका मोठा की माझा उजवा कान तापला होता.

प्रसादने आधी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग सूर्याकडे. मग तो अण्णांकडे वळला आणि म्हणाला, "मामा, टेप काढा."

अण्णा "सरी" म्हणाले. एवढंच. पण टेप या वेळी पहिल्याच झटक्यात खिशातून निघाला.

नवा मांडव या आठवड्यात उभा राहील. जुना काढू नका म्हणून जयम्मा अडून बसल्या, तेव्हा तो तसाच ठेवला आहे. संध्याकाळी मी त्याच्या सावलीत बसतो, म्हणजे जयम्मांकडे. खुर्ची कुठे ठेवायची ते त्याच सांगतात.