एकेचाळीस नंबरची पेटी

माझ्या नोकरीतले खून आणि दरोडे मी आता बरेचसे विसरलो आहे. कागद समोर ठेवले तर आठवतील. एका पेटीची चोरी मात्र कागदांशिवाय तोंडपाठ आहे, कारण त्या कागदांवर मी जे लिहिले ते खरे नव्हते. नाव कुणाचेच घेत नाही. पण भंडारा जिल्ह्यातले जे ओळखायचे ते ओळखतील, आणि त्यांनी ओळखावे म्हणूनच हे लिहीत आहे.

निवृत्तीला थोडी वर्षे राहिली होती. दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. ठाणे अंमलदार माझ्या खोलीत आला.

"साहेब, एक पोट्टा आला आहे. पेटी चोरीला गेली म्हणते. आत काय होतं विचारलं, तर म्हणते मी पाह्यलंच नाही."

पोरगा पंचविशीतला, हातमागाच्या कापडाचा व्यापार करणाऱ्या घरातला, नोकरीला पुण्यात. सुट्टीला आला, कपाट उघडले, पेटी गायब. मी चहा सांगितला आणि जबाब घ्यायला बसलो.

नागपूरच्या चार मुलांचा एक बँड होता. कुठल्या कंपनीच्या आधाराशिवाय स्वतःच गाणी लिहायचे, स्वतःच काढायचे, आणि तीही आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत. म्हणून इकडच्या पोरांचा त्यांच्यावर जीव. बँड मोडला तेव्हा त्यांनी निरोपाच्या म्हणून शंभर पेट्या काढल्या. वरून कोशाचे रेशमी कापड, पितळेची कडी, कडीवर लाखेची मोहोर, तळाला हाताने घातलेला क्रमांक. आत दोन तबकड्या, गाण्यांची पुस्तिका आणि एक कॅसेट. कॅसेटमध्ये एक गाणे होते, ते दुसरीकडे कुठेच मिळत नव्हते. पेट्या ऑनलाइन आल्या आणि बघता बघता संपल्या. या पोराला एकेचाळीस नंबरची मिळाली.

"तबकडी वाजवतोस कशावर?"

"मशीन नाही माझ्याजवळ, सर."

"मग कॅसेट?"

"वाजवायची नसते सर. मोहोर तोडली की संपलं."

"काय संपलं?"

मी देवळात चपला घालून शिरलो असे त्याने माझ्याकडे पाहिले.

"म्हणजे ते गाणं तू ऐकलंच नाहीस?"

"कुणीच नाही ऐकलं, सर. ग्रुपवर सगळ्यांच्या पेट्या बंद आहेत."

हवालदाराने लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, लिहा.

संशय कुणावर, असे विचारल्यावर पोराने चहाचा कप बाजूला सरकवला. मग त्याने आपल्या शाळेपासूनच्या मित्राचे नाव घेतले. तो तलावाकाठच्या गावातला, धानाची शेती करणाऱ्याचा मुलगा. हा बँड दोघांनी एकाच मोबाईलवर पहिल्यांदा ऐकला होता. पेट्या विकायला आल्या त्या दुपारी गावातली रेंज गेली आणि मित्राची पेटी हुकली. तेव्हापासून फिर्यादी गावी आला की हा मित्र यायचा, हात धुऊन पेटी बघायचा आणि म्हणायचा, "फोडू न रे एकडाव. आयकू."

एवढे कारण मला पुरेसे वाटले. फोन करून बोलावले असते तरी तो आला असता. मी जीप नेली. धानाची कापणी चालू होती, सगळे गाव शेतात, आणि बांधाबांधावरून लोकांनी त्याला माझ्या जीपमध्ये बसताना पाहिले.

ठाण्यात मी त्याला उभे ठेवले.

"पेटी कुठे आहे?"

"मले काय मालूम, साहेब?"

"तुला ती पाहिजे होती."

"पायजेच होती. आताही पायजे. पण मी नेली असती ना साहेब, तर पहिले फोडून आयकली असती. अन् आयकल्यावर मले गप राहता आलं असतं काय? साऱ्या गावाले गाऊन दाखवलं असतं!"

दुपार गेली. चोर सहसा त्या वस्तूची आपल्याला गरजच नव्हती असे सांगतो. हा पोरगा गरज कबूल करत होता आणि चोरी नाकारत होता. संध्याकाळी मी त्याला सोडून दिले. पण गावाने जीप पाहिली होती. त्याला शेजारच्या गावचे स्थळ आले होते, बोलणी पक्की होत आली होती. मुलीकडून निरोप आला की ज्या घरी पोलीस येते त्या घरी आमी पोरगी देत नाही.

इकडे ठाण्यातला फोन वाजायला लागला. नागपूर, पुणे, नाशिक, कुठून कुठून त्या बँडचे भक्त विचारायचे. चोर सापडला का, हे कुणी विचारले नाही. मोहोर शाबूत आहे का, कोपरा दबला का, एवढेच. अंमलदार शेवटी ओरडला, "अहो, पेटीच नाही, तर कोपरा कायचा पाहू?"

खबर आली ती बिछायतवाल्याकडून. मंडप, गाद्या, खुर्च्या पुरवणारा हा गृहस्थ आमचा जुना खबऱ्या. साऱ्या तालुक्याच्या लग्नांत फिरतो.

"साहेब, कोशाची पेटी ना, पितळी कडीची? ते तं उन्हाळ्यात पवनीच्या लग्नात आहेराच्या टेबलावर होती."

"कुणी दिली?"

"ते मले नोका विचारू. फिर्यादीच्या मामाच्याच घरचं लग्न होतं." असे म्हणून त्याने मोबाईलमधला फोटो काढून दिला.

पोरगा पुण्याला परत गेला होता. मी महिला शिपायाला घेऊन त्याच्या आईकडे गेलो.

"मी कायले देऊ पेटी? मी तं करवतकाठी लुगडं देल्लं भाचीले!"

मी फोटो पुढे केला. वधूच्या हातात पेटी देताना बाई झकास हसत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"ऐन वेळेवर आहेर कमी पडला जी. कपाटात पेटी दिसली. कोरी, बंद. मी म्हटलं, पोट्टा वापरत तं नाहीच. साहेब, मले अटक करा, पण भावजयीले सांगू नोका की ते पोराची होती म्हणून!"

म्हणजे चोरी झालीच नव्हती. आता पेटी परत आणायची, गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचे लिहायचे, की प्रकरण मिटले. मुलीचे सासरही पवनीतच, मी तिकडे गेलो. नवी नवरी आधी म्हणाली, असली पेटी मी पाहिलीच नाही. मग म्हणाली, पाहिली, पण हरवली. चहाचे दोन कप आणि सासू आत गेल्यावर म्हणाली, जवाहरनगरला मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाला दिली. फोडून का पाहिली नाही, असे विचारले तर म्हणाली, "इतकी सुंदर बंद पेटी फोडावं कशी? देवाघेवालेच बरी."

त्या बँडचे शंभर भक्त जे व्रत पाळत होते, तेच आमच्या जिल्ह्यातल्या बाया न सांगता पाळत होत्या.

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये फॅक्टरीत नोकरी करणारे त्या बहिणीचे यजमान भेटले, माझ्या जुन्या ओळखीचे. मी पेटीचे वर्णन केले. त्यांनी आत बायकोकडे पाहिले. बायको आतून खुणा करत होती. शेवटी हात जोडून म्हणाले, "साहेब, ते तं आमी तुमच्याच वास्तुशांतीले आणली होती."

जीप मी सरळ घरी घ्यायला सांगितली. घरी येऊन बायकोला विचारले.

"कोशाची पेटी? ते तं आपण मोठ्या साहेबांच्या पोरीच्या लग्नात देल्ली. तुमीच तं देल्ली! फोटो लावला आहे ना भिंतीवर."

होता. ड्यूटीवर निघताना रोज मी त्याच फोटोखाली उभा राहून पट्टा बांधत होतो. फोटोत तपास अधिकारी स्वतः, हसतमुखाने, गुन्ह्यातला मुद्देमाल आपल्या वरिष्ठांच्या हाती सोपवत होता.

आता तो आहेर परत मागायचा, म्हणजे वरिष्ठांच्या घरी दोन पंच घेऊन जायचे आणि जप्ती पंचनामा करायचा. बायको म्हणाली, "नाक कापान आपलं." मीही तोच विचार करत होतो. खरा निकाल लिहायचा तर पेटी कुठे कुठे गेली हेही लिहावे लागणार. म्हणून मी 'अ' समरी पाठवली. तिचा अर्थ, गुन्हा खरा, आरोपी मिळून आला नाही. कागद बंद झाला. चोर मात्र लोकांच्या तोंडी एकच उरला, तो तलावाकाठचा पोरगा.

दोघा मित्रांचे बोलणे बंद झाले. मोहाडीच्या बाजारात तो मला कधी कधी दिसायचा. तोंड चुकवायला हवे होते मी, पण तोच जवळ यायचा. "नमस्कार साहेब. सापडली काय जी?" त्यात टोमणा नसायचा. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे असायचे. टोमणा असता तर मला झोप आली असती.

मी निवृत्त झालो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाचे लग्न झाले. दुसऱ्या दिवशी बायको आणि मी आहेर वेगळे करत बसलो, ठेवायचे एकीकडे, पुढे द्यायचे दुसरीकडे. एका डब्याचा चमकी कागद फाडून ती किंचाळली, "बाप्पा! हे तं आपलीच!"

कोशाचे कापड किंचित पिवळे पडले होते. मोहोर शाबूत. तळाला एकेचाळीस. कागदावर देणाऱ्याचे नाव नव्हते, आणि या वेळी मी तपास केला नाही.

पेटी घेऊन फिर्यादीच्या घरी गेलो. आईने दार उघडले, माझ्या हातात बघितले आणि उंबरठ्यावरच बसल्या.

"हे अजून फिरूनच राहिली?"

पोरगा घरीच होता. मी त्याला सगळे सांगितले, आईच्या देखत. तो आईवर रागावला नाही, माझ्यावरही नाही. मित्राला फोन लावला. मित्राने उचलला नाही. मग म्हणाला, "सर, त्याचं लग्न जमलं आहे. पुढच्या आठवड्यात. मला पत्रिका नाही. तुम्ही चलाल? आणि तुमच्याकडे टेप रेकॉर्डर आहे का हो?"

मलाही पत्रिका नव्हती. आम्ही गेलो.

गावाकडच्या लग्नात आहेर पुकारायला माइक असतो. मी तो मागून घेतला. कोर्टात साक्षीला उभा राहायचो तसा ताठ उभा राहिलो आणि सांगितले, "या मुलाने काही चोरलेलं नव्हतं. पेटी चोरीला गेलीच नव्हती, ती आहेरात फिरत होती. फिरवणाऱ्यांत मीसुद्धा होतो. मला ते माहीत होतं, तरी मी कागदावर लिहिलं नाही. या घरावर जो डाग लागला तो माझ्यामुळे."

नवरदेव मान खाली घालून बसला होता. बायांच्या नजरा हळूहळू आहेराच्या टेबलाकडे वळल्या आणि तिथून जमिनीकडे. मग मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "पुरे करा जी साहेब! आता कोणाकोणाचं काढता? जेवण थंडं होऊन राहिलं."

मंडप हसला. त्या हशातच फिर्यादी पेटी घेऊन पुढे गेला. नवरदेवाने आधी मित्राकडे पाहिले नाही, मोहोर पाहिली.

"शाबूत हाये रे!"

फिर्यादीने खिशातून किल्ली काढली आणि लाख फोडली. नवरदेव ओरडला, "पागल झाला काय बे!"

"आता तुले हे कोणाले देता येत नाही," फिर्यादी म्हणाला. "फुटलेला आहेर कोणी पुढे देत नाही."

माझा टेप रेकॉर्डर माइकसमोर ठेवला. गाणे मला फारसे कळले नाही, मध्ये कुठेतरी कुत्रेही भुंकत होते. पण हळदीच्या हाताचा तो पोरगा आणि त्याचा मित्र यंत्राला डोके लावून बसले होते आणि दोघांचे डोळे वाहत होते. नवरीने वाकून विचारले, "झालं काय?" दोघे एकदमच म्हणाले, "अजून एकडाव."

आयुष्यभर मी वस्तू कुणी नेली हेच विचारत आलो. ती कुणी दिली, हे आधी विचारले असते तर त्या गावात जीप गेली नसती. चोरीचा आळ माणसे सोसतात. आपण चारचौघांसारखे वागलो, हे कबूल करायला मात्र कुणी तयार नसते. मीही नव्हतो. माझ्या सहीचा तो कागद अजून कुठल्यातरी कपाटात असेल. त्यावर विश्वास ठेवू नये, ही विनंती.

निघताना मी टेप रेकॉर्डर आहेर म्हणून तिथेच ठेवला. जुना आहे, झाकण तुटलेले आहे, एक बटण काडीने दाबावे लागते. पुढे कुणाला देता येणार नाही.