घास म्हणजे जेवण नव्हे

आमच्या घरात दोघांना म्हातारा म्हणतात. एकाला तोंडावर, कारण तो बुलडॉग आहे आणि दहा वर्षांचा झालाय. दुसऱ्याला पाठीमागे. तो मी.

पळसदरीच्या एका बंगल्याचे मुंबईकर मालक परदेशी निघाले, तेव्हा बाग, चाव्या आणि हा कुत्रा माझ्या हवाली करून गेले. बाग वाळली, चाव्या परत गेल्या, कुत्रा राहिला. चेहरा असा, की त्याच्याच जमिनीची मोजणी नुकतीच कुणीतरी चुकीची केलीय. जेवताना निम्मं पोटात, निम्मं फरशीवर, आणि वर हवा गिळायची ती वेगळीच. त्या हवेचं पुढे काय होतं ते आमच्याकडे आलेले पाहुणे सांगतील. तो शांत बसून असतो, संशय माझ्यावर येतो.

गेल्या वर्षी मात्र हसण्यावारी न्यायची सोय राहिली नाही. खाल्लं की दहा मिनिटांत जसंच्या तसं बाहेर. बरगड्या दिसायला लागल्या. चौक गावात जुन्या हायवेवर, टायरवाल्याच्या शेजारी, जनावरांच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "वयानं अन्ननलिका सैल पडलीय. वर आलेलं अन्न एकदा फुप्फुसात गेलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही." मग कागदावर लिहून दिलं. दिवसातून चारदा, थोडं थोडं. मऊ भात आणि बिनहाडांचं उकडलेलं चिकन. वाडगं उंचावर. जेवल्यावर पंधरा मिनिटं उभा धरायचा.

कागद फ्रिजवर चिकटला. वाडगं उलट्या बादलीवर गेलं. आणि मी दारापुढच्या ओट्यावर बसून, वीस-बावीस किलोंचा ऐवज छातीशी उभा धरून, पंधरा मिनिटं घड्याळ बघू लागलो. शेजारचे काका रोज बांधावरून ओरडायचे, "काय रं, ढेकर काढतोस काय त्याची? तुज्या पोरीला तरी कदी असं खांद्यावर घेतलं व्हतंस?"

तरी उलट्या थांबेनात. डॉक्टरीणबाई विचारायच्या, "दुसरं काही देत नाही ना?"

"छे! तुमच्या कागदाबाहेर एक शीत नाही," मी छातीवर हात ठेवून सांगायचो.

मी खोटं बोलत नव्हतो. आमच्यात समोर तोंडाकडे बघत बसलेल्या मुक्या जिवाला घास दिल्याशिवाय जेवत नाहीत. जेवलं तर अन्न अंगी लागत नाही, असा आईचा कायदा आहे. आणि घास म्हणजे जेवण नव्हे. जेवण वाडग्यात असतं, घास हातात असतो. डॉक्टरीणबाईंनी वाडग्याबद्दल लिहिलं होतं. हाताबद्दल त्यांनी काही लिहिलंच नव्हतं.

शेवटी त्या म्हणाल्या, पोटात नळी घालावी लागेल, त्यातूनही जगेल असं नाही. ठरल्या दिवशी सगळं घर दवाखान्यात आलं, शेवटचं बघून घ्यायला आल्यासारखं. बाईंनी परत विचारलं. मी परत छातीवर हात ठेवला. त्याच क्षणी म्हाताऱ्याने टेबलावर साक्ष दिली.

बाईंनी चिमट्याने एकेक पुरावा बाजूला काढला. तांदळाच्या भाकरीचा तुकडा.

"भाकरीनं कुनाला काय झालंय का कदी?" आई म्हणाली.

सुक्या बोंबलाचं डोकं. बायको छताकडे बघू लागली. दोन वेफर. मुलीला अचानक फोन आला. आणि सगळ्यात शेवटी चहात भिजवलेली खारी. आमच्या घरात खारी एकच माणूस खातो.

"नळी याला कशाला?" बाई म्हणाल्या. "तुम्हा चौघांच्या हातांना प्लास्टर घालते. आठ दिवस माझं ऐका. तरी ओकला तर मग नळीचं बघू."

तेव्हापासून आम्ही मागच्या स्वयंपाकघरात दार लावून, चोरासारखं जेवतो. बाहेरून दाराच्या फटीला नाक लावून तो श्वास घेतो. दळणाची गिरणी चालल्यासारखा आवाज येतो. पहिल्या दिवशी आई ताटावरून उठली. "मी नाय जेवत. त्यो बाहेर बसलाय." दुसऱ्या दिवशी दाराकडे पाठ करून जेवली. तिसऱ्या दिवशी बायकोने माझा हात धरला, "खिशात काय हाय?" म्हणाली, आणि मी पन्नाशीचा माणूस, खारी परत डब्यात ठेवून आलो.

चौथ्या दिवशी भात खाऊन झाल्यावर त्याला ओट्यावर उभा धरला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिघी समोर बसून त्याच्या गळ्याकडे बघत होत्या. गळा एकदा हलला. आईने पदर तोंडाला लावला. त्याने माझ्या तोंडावर ढेकर दिली.

"निसता वारा हाय गं," आई म्हणाली.

पंधरा झाली. वीस झाली. माझे हात बधिर झाले होते. बांधावरून काका ओरडले, "अजून किती येळ रं?"

"पचंपर्यंत," मी म्हणालो.