द्राक्षांना नमस्कार

काल इथे आखातात, अदलिया भागातल्या रेस्टॉरंटमध्ये वेटरने रेड वाइनची बाटली उघडली आणि त्या आंबूस-गोड वासाबरोबर मी थेट फ्रान्समधल्या त्या खेड्यात पोचले!

लुक तेव्हा इथल्याच उम्म अल हस्सम वस्तीत आमचा शेजारी होता. द्राक्षतोडणीला त्याने आम्हा नवराबायकोला आपल्या तिथल्या घरच्या मळ्यावर नेलं होतं. दगडी हौद काळ्याभोर द्राक्षांनी काठोकाठ भरलेला; वाइनसाठी ती पायांनी तुडवायची. त्याच्या आईने मला खुणेनेच सांगितलं, पाय धू, पहिली तू उतर. पाहुणीचा मान! सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली, पण पाय काही उचलेना. अन्नाला पाय कसा लावायचा? शेवटी वाकले, द्राक्षांना हात लावून कपाळाशी नेला आणि धपकन उतरले. गार गर बोटांच्या फटींतून वर आला, तशी मी किंचाळलेच!

वर पाहिलं तर सगळे माझ्याकडेच बघत होते. नवऱ्याने लुकला माझ्या नमस्काराचं कारण सांगितलं, लुकने आईला. तिनेही बूट काढले, वाकली आणि हात कपाळाशी नेला.

काल राहवेना, टेबलावरूनच लुकला फोन लावला. "आता हौदात कोण उतरतं रे?"

"माझी मुलगी. आधी वाकून नमस्कार करते हं! तिला वाटतं, ही आमच्या गावचीच जुनी रीत आहे."